आमदाराला काय मागायचं?

आज १ जुलै. आधी वावराची नोंद. खालच्या काळ्या तुकड्यात पऱ्हाटी चार पानांवर आहे. वरच्या मुरमाड पट्ट्यात खाडे बरेच पडलेत, म्हणून सकाळी दोन बायांना घेऊन पुन्हा सरकी टोबली. तुरीचं तास बरं निघालं. सोयाबीन अजून बाकी आहे, कारण पाऊस पडला तो वरच्यावर. माती उकरून पाहिली तर बोटभर ओल. घाई केली की दुबार पेरणी, हे गेल्या काही वर्षांत पदरचे पैसे घालून शिकलोय.

दुपारी ग्रामपंचायतीत कृषी दिन होता. वसंतराव नाईकांच्या फोटोला हार घातला, पाच मिनिटं भाषण झालं, गेल्या वर्षीच्याच खड्ड्यात नवं झाड लावलं, चहा झाला. उठता उठता आमच्या धुऱ्याला धुरा असलेले काका बोलले, "हे वसंतराव बी पहिले आमदारच होते न? एका आमदारानं एवढं केलं म्हणता, तं मंग आता आमदार म्हटलं का सभामंडपच काहून भेटते?"

सगळे हसले, उत्तर कोणी दिलं नाही. मीही नाही. संध्याकाळी मोटर सुरू करून धुऱ्यावर बसलो, तेव्हापासून तोच प्रश्न डोक्यात आहे. म्हणून आज पिकाची नोंद थोडी आणि आमदारकीची जास्त. मी पुसदचा नाही, नाईक घराण्याचा कार्यकर्ता नाही, कोणत्याच पक्षाचा झेंडा माझ्या घरावर नाही. कास्तकार म्हणून हिशोब मांडतो, पटला तर घ्या.

आधी माणूस. पुसद तालुक्यातलं गहुली गाव, बंजारा तांडा. तिथं १ जुलै १९१३ ला जन्म. शिकून वकील झाले, पुसदला वकिली केली, नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ ची पहिली निवडणूक झाली तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. तिथं ते पुसदचे आमदार म्हणून गेले आणि उपमंत्री झाले. १९५६ ला राज्यांची फेररचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, तसे हेही मुंबईला गेले. सहकार, मग कृषी, मग महसूल अशी खाती सांभाळली. मुंबईतल्या बंगल्याला त्यांनी नाव दिलं वर्षा. पुढं मुख्यमंत्री झाल्यावरही तिथंच राहिले, म्हणून आज टीव्हीवर रोज ऐकू येतो तो वर्षा बंगला. कोरडवाहू मुलखातल्या माणसाला घराचं नाव ठेवताना पाऊसच आठवला, यात मला नवल वाटत नाही.

मारोतराव कन्नमवार गेल्यावर ५ डिसेंबर १९६३ ला ते मुख्यमंत्री झाले, ते फेब्रुवारी १९७५ पर्यंत. अकरा वर्षांहून जास्त. एवढी सलग वर्षं त्या खुर्चीवर आजपर्यंत दुसरं कोणी बसलं नाही. १९७७ ला वाशिममधून खासदार झाले आणि १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरला वारले. या सगळ्या काळात १९५२ ते १९७७ पुसदची आमदारकी त्यांच्याकडेच होती.

हे सगळं भाषणात ऐकायला मिळते. हिशोब मात्र कोणी मांडत नाही. तो चार गोष्टींचा आहे आणि चारही माझ्या वावरापर्यंत आलेल्या आहेत.

पहिली गोष्ट ज्वारी. साठच्या दशकात देशात धान्य नव्हतं, अमेरिकेतून जहाजानं यायचं तेव्हा खायचं. १९६४ ला देशातली पहिली संकरित ज्वारी आली, सीएसएच-१. नाईकांनी ती महाराष्ट्रभर लावून धरली. दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर मला फाशी द्या, असं ते १९६५ ला पुण्यात जाहीर बोलले, ही गोष्ट अजून सांगितली जाते. आमच्या घरात हायब्रीड म्हटलं की ज्वारीच. आजी तिला नावं ठेवायची. भाकर गावरानसारखी लागत नाही, कडबा बुटका, पाऊस लांबला की कणीस काळं पडते. सगळं खरं होतं. पण कोठी भरली ती त्याच ज्वारीनं, हेही तीच सांगायची.

आज माझ्या वावरात ज्वारीचं एक तास नाही. रानडुक्कर आणि रोही ठेवत नाहीत, जे उरते ते पाखरं नेतात, राखणीला माणूस मिळत नाही आणि भाव मिळत नाही. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडबा गेला तसे बैल गेले. ज्या ज्वारीच्या नावानं आपण कृषी दिन करतो, ती हार घालणाऱ्यांपैकी एकाच्याही वावरात नव्हती. आज बसल्या बसल्या मोजलं मी.

दुसरी गोष्ट विद्यापीठं. राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. चारही त्यांच्या काळातली. तूर, सोयाबीन, कापूस यांचे किती वाण अकोल्यातून आले, ते शिवार फेरीला जाणाऱ्यांना सांगायला नको. पण यात एक मेख आहे आणि ती लपवायची नाही. विद्यापीठ आधी राहुरीला ठरलं होतं. मुख्यमंत्री विदर्भाचा आणि विद्यापीठ नगर जिल्ह्यात! १९६७ ला विदर्भ पेटला. अकोल्यात गोळीबार झाला, पोरं मेली. ते आंदोलन गाजवणारा माणूसही यवतमाळचाच, जांबुवंतराव धोटे.

धोट्यांचं नाव घेतल्याशिवाय यवतमाळच्या आमदारकीची गोष्ट पुरी होत नाही. विधानसभेत पेपरवेट भिरकावलेला आमदार म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखतो. १९७१ ला इंदिरा गांधींची लाट असताना ते फॉरवर्ड ब्लॉककडून नागपूरचे खासदार झाले. जिल्हा एक, काळ एक. एक माणूस सरकार चालवत होता, दुसरा त्या सरकारच्या छातीवर बसत होता. अकोल्याचं विद्यापीठ एकट्या मुख्यमंत्र्यानं दिलं असं म्हणणं अर्धं खरं आणि एकट्या आंदोलनानं मिळवलं असं म्हणणंही अर्धं खरं. मागणारा रस्त्यावर होता आणि कायदा करणारा सभागृहात होता, तेव्हा काम झालं. आता रस्त्यावरचा माणूस तिकीट मिळालं की गप्प होते, आणि सभागृहातला रस्त्यावर येते तो फक्त प्रचाराला.

तिसरी गोष्ट रोजगार हमी. १९७२ चा दुष्काळ आमच्या पिढीनं पाहिला नाही, ऐकला. खडी फोडायची, नालाबांध घालायचे, कामावर सुकडी मिळायची आणि घरी अमेरिकेच्या लाल मिलोची भाकर. ही योजना मूळ वि. स. पागे यांच्या डोक्यातली. तेही ग्रामीण भागातलेच, सांगली जिल्ह्याचे, विधान परिषदेचे सभापती. आधी तासगाव भागात प्रयोग करून पाहिला, मग दुष्काळात तो राज्यभर गेला. नाईकांचं काम हे की त्यांनी दुसऱ्याची कल्पना उचलली आणि तिच्यामागं सरकार उभं केलं.

पैसा कुठून आला, हे पोरांनी वाचण्यासारखं आहे. १९७५ ला राज्यानं व्यवसाय कर लावला. मुंबई-पुण्यातल्या पगारदाराच्या पगारातून आजही तो कापला जातो. गावातल्या मजुराला काम देण्यासाठी शहरातल्या पगारावर कर! हमीचा कायदा १९७७ ला झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, म्हणजे नाईक खुर्चीवरून गेल्यावर. पण धरलेली वाट पुढच्यांनी मोडली नाही. २००५ ला दिल्लीनं देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा आपल्या राज्याचा अनुभव समोर होता. ज्या मजूर बाईनं कधी मुंबई पाहिली नाही, तिचा हक्क मुंबईच्या सभागृहात लिहिला गेला. माझ्या मते आमदारकी म्हणतात ती याला.

चौथी गोष्ट कापूस, म्हणजे आपल्या जिल्ह्याची दुखरी नस. १९७१ ला विधिमंडळानं कायदा केला आणि १९७२ च्या हंगामापासून एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. कापूस फक्त सरकार घेणार, व्यापारी नाही. हमीभाव आधी, आणि सरकारनं गाठी विकून नफा झाला तर हंगामाच्या शेवटी बोनस. व्यापाऱ्याच्या काट्यातून आणि रुमालाखालच्या भावातून कास्तकार पहिल्यांदा सुटला. आमच्या भागात बोनसच्या पैशांवर लग्नं झाली, विहिरी झाल्या. जुन्या घरांवरची कवेलू उतरून टिना चढल्या त्याही त्याच पैशांत.

पुढं काय झालं तेही सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रेडर कापसाकडं पाहून प्रत ठरवायचा आणि प्रत ठरवताना माणूसही पाहायचा. चुकारे हप्त्याहप्त्यानं. भांडवलासाठी कपात. बाहेर भाव जास्त असला की रातोरात कापूस आदिलाबादकडं जायचा, बाहेर पडला की तिकडचा इकडं यायचा, आणि तोटा योजनेच्या बोकांडी. २००२ ला एकाधिकार संपला. त्याच वर्षी देशात बीटी बियाण्याला परवानगी मिळाली. म्हणजे विकण्याची हमी गेली आणि पिकवण्याचा खर्च वाढला, एकाच वर्षी.

त्यानंतरचं लिहायला हात जड होते. यवतमाळ म्हटलं की बाहेरचा माणूस पहिले आत्महत्या आठवते. २००६ ला पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, आपल्यासह सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. तारीख होती १ जुलै. ज्या दिवशी राज्य नाईकांच्या नावानं कृषी दिन करते, त्याच दिवशी त्यांच्या जिल्ह्यासाठी दिल्लीहून मदत आणावी लागली.

म्हणून हिशोबाची उणे बाजूही मांडली पाहिजे. नाईकांच्या अकरा वर्षांत विदर्भात पाणी पुरेसं आलं नाही. १९८४ ला दांडेकर समितीनं अनुशेष मोजला तेव्हा सिंचनात विदर्भ मागं निघाला. आमच्याच जिल्ह्याच्या सीमेवर पैनगंगेवर इसापूर धरण बांधलं, पाणी जास्त करून हिंगोली-नांदेडच्या शिवारात गेलं. त्यांना पाणी मिळालं याचं दुःख नाही, तेही कास्तकारच आहेत. पण मुख्यमंत्री आपला असला की पाणी आपोआप आपलं होते, हा समज तेव्हाच खोटा ठरला होता.

पुतणे सुधाकरराव गहुलीचे सरपंच होते, मग जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, मग आमदार, आणि १९९१ ला मुख्यमंत्री. खालून एकेक पायरी चढलेला माणूस. त्यांनी १९९२ ला जलसंधारणाचं वेगळं खातं काढलं. मोठं धरण सगळ्यांच्या वाट्याला येत नाही, तर आपल्या शिवारातलं पाणी आपल्याच शिवारात अडवा, हा विचार. १० मे हा त्यांचा स्मृतिदिन राज्यात जलसंधारण दिन म्हणून पाळतात. माझ्या वरच्या तुकड्यातला बांध त्याच काळातला आहे. आज ज्या मुरमाड पट्ट्यात सरकी टोबली, तिथली माती शिल्लक आहे ती त्या बांधानं.

आणि घराणेशाही? आहे. १९५२ पासून आजपर्यंत पुसदची आमदारकी बहुतेक काळ एकाच घरात राहिली. पहिले वसंतराव, मग सुधाकरराव, मनोहरराव, आता इंद्रनील. कोणी म्हणेल लोकांनी निवडून दिलं. दिलंच. पण पंचाहत्तर वर्षांत एका तालुक्यात दुसरं नेतृत्व उभं राहत नाही, तेव्हा दोष एकट्या घराण्याचा नसतो, आपलाही असतो. आपण माणूस पाहून मत देतो, नंतर त्याच माणसाकडं काम मागायला जातो, आणि कायदा हा शब्द आपल्या बोलण्यात येतच नाही.

आता काकांच्या प्रश्नावर येतो. सभामंडपच काहून भेटते? कारण आपण सभामंडपच मागतो.

आमदार गावात आला की आपण काय मागतो ते आठवा. मंदिरासमोर पेव्हर ब्लॉक, सभामंडप, हायमास्ट, पोराच्या बदलीसाठी फोन, डीपी जळाली तर साहेबांना फोन. आमदाराला वर्षाला ५ कोटी स्थानिक विकास निधी मिळते, त्यातून हे होते, आणि दोघंही खुश. पांदण रस्ता मागणं चूक नाही, मीही मागितलाय, अजून झाला नाही. डीपी जळाली तर फोन करावाच लागते. पण ही कामं ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि वीज कंपनीची आहेत. ती करून घेण्यातच आमदाराची पाच वर्षं गेली, तर सभागृहात आपल्या बाजूनं बोलायचं कोणी?

दोन ताजी उदाहरणं देतो. २०२३ ला एक रुपयात पीकविमा आला. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला, पुन्हा हप्ता भरावा लागला, आणि भरपाई पीक कापणीच्या उत्पन्नावर आली. आधी पाणी साचलं, गारपीट झाली तर तक्रार करता यायची, ती सोय गेली. हा निर्णय दिल्लीचा नाही, मुंबईचा. आपल्या गावात कोणी आमदाराला विचारलं का की साहेब, तुम्ही सभागृहात यावर काय बोलले? मी विचारलं नाही. खरं सांगतो.

दुसरं, कापूस. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपली पऱ्हाटी पात्यांवर असताना, केंद्रानं कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं. आधी सप्टेंबरपर्यंत, मग डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस घरात येईपर्यंत. हा निर्णय दिल्लीचा, आमदाराच्या हातात नाही, हे मान्य. पण १९७१ ला याच विधिमंडळानं कापसासाठी स्वतःचा कायदा केला होता. पुढं तो सडला, पण राज्य कापसासाठी काही करू शकते हे एकदा दाखवलं होतं. आज जिल्ह्यातले सगळे आमदार पक्ष बाजूला ठेवून एक ठराव मागू शकत नाहीत का? मागणारच नाहीत, कारण आपण त्यांना ते काम सांगितलंच नाही.

एकाधिकार योजना परत आणा असं मी म्हणत नाही. ग्रेडरची ती रांग मलाही नको. माझं म्हणणं एवढंच आहे की वसंतराव नाईकांचं मोठेपण फोटोत किंवा मुख्यमंत्रीपदाच्या वर्षांत शोधू नका. ते गेल्यावर काय चालू राहिलं ते पाहा. विद्यापीठ चालू आहे. रोजगार हमी देशभर गेली. ज्वारी आणि कापूस खरेदी यांची काळजी पुढच्यांनी घेतली नाही, त्या गेल्या. सभामंडपाला दहा वर्षांत तडे जातात. कायदा नीट केला आणि त्यावर नजर ठेवली, तर तो दोन पिढ्या पुरते.

म्हणून मी यंदा तीन गोष्टी लिहून ठेवल्यात. आमदार गावात आले की भाषणाआधी कागद हातात देणार. एक, पीकविम्यात स्थानिक नुकसानीची भरपाई परत यावी यासाठी सभागृहात किती वेळा बोलले, तारखेसह सांगा. दोन, रानडुक्कर आणि रोही यांच्या नुकसानीची भरपाई वेळेत मिळावी आणि कुंपणाला अनुदान मिळावं, यावर प्रश्न टाका आणि सरकारचं उत्तर गावात आणून वाचा. तीन, ज्वारीची हमीभावानं खरेदी वेळेवर सुरू करायला लावा, म्हणजे निदान चार तास पेरायची हिंमत होईल. सभामंडप नको. आहे तोच पुरते.

काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "कागद दे, पण सही एकट्याची नको देऊ. गावाची घे." बरोबर बोलले. एकट्याची सही आमदार खिशात ठेवते, गावाची ठेवता येत नाही. उद्यापासून सह्या घेणार. तुमच्या गावात असा कागद करणार असाल तर इथं लिहा, मजकूर पाठवतो.

रात्री आभाळ आलंय, उत्तरेकडं चमकते आहे. चांगला पाऊस झाला तर वाफसा आल्यावर सोयाबीन. नाही झाला तर पऱ्हाटीत डवरणी. नोंद पुढच्या आठवड्यात.